सायकल माझ्या गोदामात आहे, सोपान

सोपान, भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुझी सवय जुनीच, पण हे अती झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन, चपला काढता काढता "हां, तर तू काय म्हणत व्हतास?" असं विचारून बरोबर त्याच वाक्यापासून पुढे सुरू करणारा माणूस तू. आज एकोणीस दिवस झाले. रोज साडेसातच्या सुमाराला मी दुकानाच्या मागच्या दाराची कडी काढतो आणि बोळात बघतो. मग मला आठवतं.

आठवतं हा शब्दही बरोबर नाही. कुणीतरी आत्ताच येऊन सांगावं तसं ते मला रोज नव्यानं कळतं. सोपान गेला. कोण सोपान? आपला? छे, काहीतरीच काय! आणि मग मी तिथेच उंबऱ्यावर बसतो. पुष्पा आतून विचारते, "काय झालं?" मी सांगतो, "काही नाही, चक्कर आली." तिलाही ठाऊक आहे काय झालं ते. ती पुन्हा विचारत नाही.

शाळेच्या ग्रुपवर तुझा फोटो आला, भोवती गुलाबाच्या फुलांची चौकट, खाली लिहिलेलं, 'हसतमुख, निसर्गप्रेमी सायकलवीर'. निसर्गप्रेमी म्हणे! शेजाऱ्याच्या नाकावर टिच्चून बांधावरची बाभळ तोडलीस तेव्हा प्रकरण पार तलाठ्यापर्यंत गेलं होतं. आणि हसतमुख कोण? सकाळचा चहा पोटात जाईपर्यंत तुझ्याशी बोलायची वहिनींचीसुद्धा छाती नव्हती. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. मीही टाकलं. त्याच्याखाली जे लिहायला हवं होतं ते मात्र लिहिलं नाही. ते इथे लिहितो आहे. खरं तर आधी तुला सांगायचं आणि मग मंदावहिनींना, असं मी ठरवलं होतं. क्रम उलटा झाला. त्याबद्दल काय चिडायचं ते चीड.

तुला सायकलचा नाद लागला तो डॉक्टरांमुळे. शुगर निघाली तेव्हा ते म्हणाले, रोज तासभर चाला. तू म्हणालास, "शेतात दिसभर चालतोच की राव, अजून किती चालू?" आणि सरळ पुण्याला जाऊन गिअरची सायकल घेऊन आलास. पंचेचाळिशीचा बाप्या हाफ चड्डी घालून, डोक्यावर ते टोपडं चढवून लेण्याद्रीच्या रस्त्याला निघाला म्हणून तुझ्या गावानं आठ दिवस फुकट करमणूक करून घेतली. नवव्या दिवशी तू माझ्या मागे लागलास. भर गिऱ्हाइकांत म्हणालास, "शेठ, गादीवर बसून बसून तक्क्या कुठला आन् शेठ कुठला, ते वळखू येईना झालंय." शाळेपासून तू मला शेठच म्हणायचास. कांतीलाल हे नाव तुला लांब पडायचं. गिऱ्हाइकं हसली. तिसऱ्या दिवशी मी सायकल घेतली.

आठ वर्षं आपण दोघं फिरलो. जुन्नरहून मी निघायचो, गावाच्या फाट्यावर तू मिळायचास. लेण्याद्रीच्या पायथ्यावरून ओझर, विघ्नहराला बाहेरूनच नमस्कार, आणि माघारी. एखाद्या रविवारी अंगात आलं तर घोडेगावपर्यंत. चढ आला की तू मागे राहायचास. "तू हो म्होरं, मी जरा डोंगर बगतो," म्हणायचास. जन्म त्या डोंगराखाली गेला तुझा, त्यात बघायचं काय होतं? मला एकट्याला मागे टाकायला नको म्हणून तू रेंगाळायचास, हे मला फार उशिरा लक्षात आलं. लक्षात आल्यावरही मी बोललो नाही. बोललो असतो तर तू पुढच्या चढाला मुद्दाम सुसाट गेला असतास.

माझे वडील गेले तेव्हा मी महिनाभर घराबाहेर पडत नव्हतो. तू रोज पहाटे दुकानासमोर येऊन सायकलची घंटी वाजवायचास. हाक नाही, फोन नाही, नुसती घंटी. अख्ख्या पेठेनं शिव्या घातल्या. अकराव्या का बाराव्या दिवशी मी खाली उतरलो. तू एवढंच म्हणालास, "हवा बग मागच्या चाकात." त्या दिवशी तू नसतास तर मी कुठल्या गाळात गेलो असतो ते मला माहीत नाही. आभार मानायचे राहून गेले. ते आत्ता मानतो, आणि मानताना लाज वाटते.

पहिला लॉकडाऊन लागला आणि दुसऱ्याच दिवशी मी माझी सायकल जिन्याखाली लावली. तू नाही लावलीस. तिथून आपलं जे जुंपलं ते शेवटपर्यंत. तुला सगळं आठवत असेल, तरी लिहितो, कारण त्या भांडणात मी जे जे बोललो ते मला पुन्हा एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे.

मी म्हणायचो, "सोपान, सगळा देश घरात बसलाय आणि तू हवा खात फिरतोस?"

"घरात बसलाय म्हणूनच तर रस्ता मोकळा हाय. मी एकला, वारा एकला. कुणाचं कुणाला लागणार?"

"पडलास, हात मोडला, तर दवाखान्यात कोण बघेल? डॉक्टरांना श्वास घ्यायला उसंत नाही."

"आठ वर्सांत पडलो का कदी?"

"नारायणगावच्या रस्त्याला पडला होतास."

"ते कुत्रं आडवं आलं व्हतं. त्याला पडनं म्हणत न्हाईत."

"लोक बोलतात, सोपान. तुझं बघून आणखी दहा जण निघतील."

"निगू देत की! पाराखाली तोंडाला तोंड लावून पत्ते कुटत्यात, ते चालतंय तुमाला. सायकल न्हाई चालत."

इथे मी फोन ठेवायचो. आम्ही बाजारपेठेतली माणसं, सोपान. नियम म्हटला की आधी शटर खाली ओढायचं आणि मग तो काय आहे ते वाचायचं, अशी आमची रीत. तू रानातला. नियम आधी वाचायचास, मग त्याला कुठून वाट आहे ते बघायचास.

म्हणून तर ती किटली. नाकाबंदी लागली तेव्हा दूधवाल्यांना सोडतात हे तुला कळलं, आणि तू हँडलला दुधाची किटली बांधलीस. गिअरची सायकल, डोक्यावर हेल्मेट, हातात बिनबोटांचे मोजे, आणि पुढे डुगडुगणारी किटली! तीन दिवस खपलं. चौथ्या दिवशी ओझरच्या फाट्यावर पोलिसानं झाकण काढायला लावलं. आत कोरडं ठणठणीत.

"दूध कुठंय?"

"घालून आलो साहेब."

"कुठं घालून आलास? तू तर आत्ता गावातून निघतोयस."

तुला पंचवीस उठाबशा काढायला लावल्या. तू चाळीस काढल्यास आणि वर त्यालाच विचारलंस, "साहेब, तुमी किती काढता?" ही गोष्ट तूच मला फोनवर सांगितलीस, आणि मी हसता हसता रागावलो, आणि रागावता रागावता पुन्हा हसलो. मग म्हणालास की येताना उसाच्या कडेला बिबट्या दिसला. "माझ्याकडं बगितलं, आन् तोंडाला मास्क न्हाई म्हणून मागच्या मागं सरला." बिबट्या खरा होता की नाही हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. उठाबशा खऱ्या होत्या, कारण तो पोलीस आमच्याकडून कापड नेतो.

वर्ष गेलं. सगळं सुरळीत होतंय म्हणेपर्यंत दुसरी लाट आली. पहिल्या वेळी आपल्याकडे सगळ्या बातम्याच होत्या. या वेळी माणसं होती. तुझा चुलत भाऊ चार दिवसांत गेला. त्याच संध्याकाळी मला मंदावहिनींचा फोन आला. रडत होत्या.

"भाऊ, उद्या सकाळी बी निगणार म्हणत्यात. माझं न्हाई ऐकत. तुमी काय बी करा, पन ती सायकल घरातून न्या."

दुसऱ्या दिवशी मी दुकानाचा टेम्पो घेऊन तुझ्या दारात आलो. तू मागच्या ब्रेकची तक्रार करत होतास. मी म्हणालो, "दे, ओळखीचा मिस्त्री आहे, बंद दुकानात करून देतो." तू स्वतः सायकल उचलून टेम्पोत ठेवलीस, घासू नये म्हणून खाली गोणपाट घातलंस. मी ती आणून दुकानामागच्या गोदामात गठ्ठ्यांच्या आड लावली, साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. केवढं हायसं वाटलं मला! वहिनींना फोन करून सांगितलं, "आता काळजी करू नका. माझ्या ताब्यात आहे."

मिस्त्री वगैरे काही नाही हे कळल्यावर तीन दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. चौथ्या दिवशी सकाळी बोळात तुझी मोटरसायकल वाजली. खिशात शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी. तीच एक चिठ्ठी दाखवून तू सगळ्या नाक्यांवरून यायचास. दारात उभा राहून म्हणालास, "कैद्याला भेटायला आलोय. भेटीची येळ काय हाय तुमची?"

मी तुला गोदामात नेलं. तू चाकं दाबून बघितलीस, पंपानं हवा भरलीस, फडक्यानं पुसलीस आणि तिथेच उभं राहून मला चार शिव्या घातल्यास. मग आपण आत दुकानात आलो, गादीवर बसलो, पुष्पानं चहा पाठवला. त्या दिवसापासून तू रोज यायला लागलास. रोज हवा बघायची, रोज शिव्या, रोज चहा. मला बरं वाटायचं, सोपान. खोटं कशाला सांगू? पुन्हा आपली सकाळ आपल्याला मिळाली असं वाटायचं.

आणि ती सकाळ आपण कुठे घालवत होतो? पुढचं शटर पूर्ण खाली. खिडक्या लावलेल्या, आवाज रस्त्यावर जाऊ नये म्हणून. वर पंखा, तीच हवा इकडची तिकडे करणारा. मागच्या दारानं दोन-दोन, तीन-तीन माणसं आत यायची, कारण लग्नसराई होती. लग्नं मोजक्या माणसांत करा असा हुकूम होता, आणि लोक करतही होते; पण बस्ता कुणी सोडायला तयार नव्हतं. नवरीचा शालू, विहिणीची साडी, मामाचा टॉवेल-टोपी, आत्याची समजूत. दोन्हीकडची सात-आठ माणसं तीन-तीन तास गादीवर बसून साड्या उलगडायची. मी नाही कसं म्हणणार? "शेठ, पोरीचं लगीन हाय," म्हटलं की माझं शटर आतून उघडायचं. अख्ख्या पेठेत हेच चाललं होतं.

त्या बस्त्यांत तू मधे बसायचास आणि माझा धंदा बुडवायचास. "मावशे, ह्यो रंग उन्हात उडंल." "पावणं, ही विहिणीला देऊ नका, भांडान व्हईल." बायका तुझं ऐकायच्या आणि स्वस्तातली साडी घेऊन जायच्या. मी तुला डोळ्यांनी दटावायचो. तू साड्यांच्या घड्या घालत बसायचास, आणि तुझ्या घड्या इतक्या वाईट असायच्या की तू गेल्यावर दुकानात कामाला असलेल्या पोरी त्या पुन्हा घालायच्या.

म्हणजे मोकळ्या रस्त्यावर एकट्यानं सायकल चालवणं धोक्याचं, म्हणून मी तुला तिथून उचललं आणि आठ अनोळखी माणसांच्या मधे, बंद खोलीत, पंख्याखाली आणून बसवलं. तू एकदा हे बोलूनही दाखवलंस. घडी घालता घालता वर न बघता म्हणालास, "शेठ, रस्त्यावर मला कोन भेटत व्हतं रे?" मी म्हणालो, "गप, गिऱ्हाईक आहे." गिऱ्हाईक होतं, हे खरं. त्यांच्यातला नवरीचा मामा सारखा खोकत होता, हेही खरं. त्याला मीच पाणी दिलं.

चार दिवसांनी संध्याकाळी माझं अंग मोडून आलं. उन्हाचं असेल म्हणून मी तापाची गोळी घेतली. सकाळी उठलो तो बरा होतो. दुकानात आलो, तू आलास, सायकल बघून झाली. अकराला एक बस्ता यायचा होता, म्हणून मी नव्या साड्यांचा गठ्ठा फोडला.

आता हे नीट ऐक. कोऱ्या कापडाच्या वासात मी जन्मलोय. गठ्ठा फोडला की जो वास येतो, त्यावरून मी डोळे मिटून माल कुठल्या गावचा ते सांगतो. त्या दिवशी गठ्ठा फोडला आणि काहीच आलं नाही. मी एक साडी नाकाशी धरली. दुसरी धरली. तू बघत होतास. मी साडी खाली ठेवली आणि खिशातला मास्क काढून तोंडाला लावला.

"काय रे, आज फडकं कशापायी?" तू विचारलंस.

"धूळ आहे," मी म्हणालो.

तेव्हा मला कळलं होतं, सोपान. संशय नाही, कळलं होतं. वास जातो म्हणजे काय होतं हे तोवर शेंबड्या पोराला ठाऊक झालं होतं. मी तुला "ऊठ, घरी जा" म्हणायला हवं होतं. तीनच शब्द होते. पण माझ्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? टेस्ट केली आणि निघाला तर दुकानाला सीलची पट्टी लागेल. पेठेत नाव होईल. 'बंद दुकानात धंदा करत होता' म्हणतील. अकराचा बस्ता वाटेत होता. आणि तू चहाला हात पुढे केलास, आणि मी तुला चहा दिला.

अकराचा बस्ताही मी केला. त्या माणसांचं पुढे काय झालं हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

टेस्ट मी केलीच नाही. दोन दिवस 'पोट बिघडलंय' म्हणून वर झोपून राहिलो, पाच-सहा दिवसांत वास परत आला. त्या सकाळनंतर तिसऱ्याच दिवशी तुला ताप आला. मग तुला धाप लागली. मग बेडसाठी फोन. मी शंभर फोन केले, जुन्नर, मंचर, आळेफाटा, जिथं जिथं ओळख होती तिथं. सगळे म्हणाले, "कांतीशेठ मित्रासाठी किती धावतोय!" शेवटी एके ठिकाणी ऑक्सिजनचा बेड मिळाला. शुगर फार वर गेलेली होती. सायकल बंद झाल्यापासून ती चढतच होती, हे तिथं कळलं.

तिथून तू मला एकदाच फोन केलास. आवाज ओळखू येत नव्हता.

"शेठ, तुझी तब्येत कशी हाय?"

"मला काय धाड भरलीय?" मी म्हणालो.

"न्हाई... इचारलं आपलं."

एवढंच. सायकलचं विचारलं नाहीस. भांडला नाहीस. चार दिवसांनी सकाळी तुझ्या पुतण्याचा फोन आला आणि मी त्याला तीनदा विचारलं, "कोण? कोण म्हणालास?" पाचवीपर्यंत एका बाकावर बसलेल्या माणसाचं नाव मला ऐकूच येईना. तुला शेवटचं बघायलाही कुणाला मिळालं नाही. पुतण्या एकटा लांब उभा होता.

तुला कळलं होतं का रे? साडी नाकाशी धरली तेव्हा तू बघत होतास. तू आयुष्यभर माझ्या तोंडाकडे बघून माझं खोटं ओळखत आलास. मग त्या दिवशी उठून का गेला नाहीस? की ओळखलंस आणि तरी चहा घेतलास? हे एक मला कुणीही सांगू शकणार नाही, आणि त्यावाचून मला झोप येत नाही.

पुष्पाला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कुठून लागला हे कुणी सांगावं? तो दवाखान्यात गेला होता, मयतीला गेला होता, दहा ठिकाणी गेला असेल." खरं आहे. असेलही. चुलत भावाच्या दहाव्याला तू गेलाच होतास. मग ती म्हणाली, "वहिनींना सांगू नका. सांगून ते परत येणार आहेत का? तुमचं ओझं हलकं होईल, त्यांचं वाढेल." यावर मी चार दिवस विचार केला. तिचं म्हणणं शहाणपणाचं होतं. मला मात्र तुझाच आवाज ऐकू यायचा, आणि तो म्हणायचा, शेठ, ह्ये शहानपन कुणाच्या सोईचं हाय?

काल दुपारी मी गेलो. वहिनी पडवीत लसणाच्या जुड्या बांधत होत्या. शेजारी तुझा फोन होता. दवाखान्यानं पिशवीत घालून दिला तो. झेंडूच्या व्यापाऱ्यांचे अजून फोन येतात, म्हणून त्या तो चार्ज करून जवळ ठेवतात. मी पायरीखालीच उभा राहिलो. बसा म्हणाल्या, बसलो नाही.

"वहिनी, सोपानच्या आधी मला झाला होता."

"काय?"

"ताप. वासही गेला होता. तो माझ्या शेजारी बसला होता. मी सांगितलं नाही."

त्यांचे हात थांबले. "कवा?"

"त्याला ताप आला त्याच्या तीन दिवस आधी."

"म्हंजी तुमाला म्हाईत व्हतं."

"हो."

"आन् तुमी त्यास्नी च्या पाजला."

"हो."

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मला वाटलं ओरडतील, काहीतरी फेकून मारतील. तेवढं केलं असतं तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू बोलल्या.

"सायकल न्या म्हणून मीच तुमाला फोन केला व्हता, भाऊ. इतके दिस मी त्येच घेऊन बसलेय. फिरू दिलं असतं तर जगले असते, मीच मारलं त्यास्नी, असं रोज म्हणतीय सोताला. कुनाला सांगितलं न्हाई, लेकीला बी न्हाई. आन् तुमी समदं जाणून घरात गप बसला व्हता."

याचा मी विचारच केला नव्हता, सोपान. मी माझ्या ओझ्याचा विचार केला, पुष्पानं त्यांच्या ओझ्याचा केला. माझं ओझं त्या वाहत असतील हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"वहिनी, तुमची काही चूक—"

"जावा भाऊ आता," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या.

मी अंगण ओलांडून फाटकाबाहेर आलो. गाडीला किल्ली लागेना. काय करावं सुचेना. आजवर माझं कुणाशीही बिनसलं, भावाशी, पुष्पाशी, गिऱ्हाइकाशी, की मी पहिला फोन तुला लावायचो. तू सगळं ऐकून घ्यायचास, मला दोन शिव्या द्यायचास आणि जाऊन मिटवून यायचास. कालही मी तेच केलं. विचार केला नाही, शपथ. खिशातून फोन काढला, तुझं नाव दाबलं आणि कानाला लावला. वहिनी रागावल्यात, तू जरा बोल त्यांच्याशी, एवढंच सांगायचं होतं.

आणि मागे पडवीत रिंग वाजली.

ती वाजत राहिली. माझ्या हाताला फोन बंद करायचं सुचेना. मागे वळून बघायचीही छाती झाली नाही. सात-आठ वेळा वाजल्यावर तिकडून तो उचलला गेला. मला वहिनींचा श्वास ऐकू येत होता, फोनमधूनही आणि अंगणापलीकडूनही.

"ते घरी न्हाईत, भाऊ," त्या म्हणाल्या.

फोन मात्र त्यांनी ठेवला नाही.